कडवळातला ळ

कांबळे सर गेल्याची बातमी मला मोबाईलवर कळली आणि ती मला धड कळलीसुद्धा नाही. माझ्या फोनात मराठी अक्षरं उमटत नसत, म्हणून मेसेज इंग्रजी लिपीत आला होता. कांबळे सर गेले, एवढेच तीन शब्द. मी एस.टी.त होते, मांडीवर पत्रकांचा गठ्ठा होता, आणि मी उलट विचारलं, ‘कुठे गेले?’ उत्तराऐवजी फोन वाजला. मुरगूडला आईला भेटून ते मोटारसायकलवरून परत येत होते. कागलच्या अलीकडे हायवेवर ट्रकनं मागून उडवलं. चाळिशीसुद्धा गाठली नव्हती माणसानं. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात चार ओळी आल्या, ‘संगणक शिक्षकाचे अपघाती निधन’, आणि खाली ‘ते मनमिळाऊ होते’. मेलेल्या कुणालाही हा शब्द चिकटवायची पद्धतच पडली आहे. दीपक कांबळे अजिबात मनमिळाऊ नव्हते. तोंडावर बोलायचे, बोलून हसायचे, आणि समोरचा हसला नाही तर आणखी बोलायचे. सात आठवडे झाले. ती चार ओळींची बातमी माझ्या डोक्यातून जात नाही, म्हणून हे लिहिते आहे. आणखी एक कारण आहे, ते ओघात येईल.

राजारामपुरीत एका सायकल दुकानाच्या वर सरांचा कॉम्प्युटर क्लास होता. बाकीच्या क्लासमध्ये पहिल्या दिवशी चपला बाहेर काढायला लावत, एसी दाखवत, कॉम्प्युटरला हात लावायच्या आधी हात धुवायला सांगत. सर पहिल्या दिवशी स्क्रूड्रायव्हर हातात देत आणि डबा उघडायला लावत. आत काय आहे ते प्रत्येकानं बघायचं, पंख्याला हात लावायचा, मग बाकीचं. सॉफ्टवेअरचंही त्यांचं तेच म्हणणं. जगात काही लोक आपलं सॉफ्टवेअर उघडं ठेवतात, कुणीही आत डोकवावं, बदलावं, दुसऱ्याला द्यावं. तेच वापरायचं आणि तेच पसरवायचं. आम्ही सहा-सातजण त्यांच्याभोवती जमलो आणि त्या टोळक्याला त्यांनी नाव दिलं ‘संगणक तालीम’. पेठेत तालमी असतात तशी ही आपली, फक्त कुस्तीच्या हौद्यातली माती नाही, म्हणायचे. मी तेव्हा कॉलेजात होते आणि बुवाबाजीच्या विरोधात पत्रकं लिहायचे, अजूनही लिहिते. ती टाइप करायला त्यांच्याकडे जायचे. माझं नाव श्रद्धा पाटील. पहिल्याच दिवशी ते म्हणाले होते, “पयलं पत्रक आईबापावर काढ की मग. नाव काय ठेवलंय बघ.”

त्यांना ह्या उघड्या सॉफ्टवेअरचं एवढं वेड का, ते मी एकदा विचारलं. त्यांनी एक फाईल काढली. त्यांच्या धाकट्या भावाच्या शाळेच्या दाखल्यावर नाव होतं ‘कांबळे’. जातीच्या दाखल्यावर छापून आलं होतं ‘कांबले’. ज्या कार्यालयात तो छापला तिथलं सॉफ्टवेअर हिंदीवाल्यांसाठी बनवलेलं. हिंदीत ळ लागत नाही, म्हणून त्यात ळ घातलाच नव्हता. दोन कागदांवर दोन नावं, म्हणून प्रवेश अडला. भाऊ या खिडकीवरून त्या खिडकीवर फिरला आणि एक वर्ष गेलं. सरांनी त्या क्लार्कला सांगितलं, मला द्या, मी ळ घालून देतो. तो म्हणाला, ते कंपनीचं आहे, आत हात घालता येत नाही. “आमच्या आज्ज्याला पोथीत काय हाय ते बघायची बंदी हुती,” सर म्हणाले, “आणि मला ह्याच्यात काय हाय ते बघायची बंदी. मग मधल्या काळात झालं काय?” हे ते हसत म्हणाले नव्हते. मी त्या दाखल्यावर पत्रक लिहायचं म्हटलं, तर म्हणाले, पत्रक वाचून लोक चुरगळतात, काहीतरी डोळ्यात भरंल असं केलं पाहिजे.

ते डोळ्यात भरेल असं काय, ते त्यांना इंटरनेटवर सापडलं. परदेशात काही पोरांनी आपल्या आवडत्या सॉफ्टवेअरची खूण शेतात उमटवली होती. फळीला दोरी बांधून उभं पीक तुडवत नेलं, प्रचंड मोठं वर्तुळ काढलं, आत चित्र, आणि विमानातून फोटो काढला. तिकडं म्हणे शेतात अशी गोल नक्षी रातोरात उमटते आणि लोक ती परग्रहावरच्यांनी काढली म्हणतात. पोरांनी त्याचीच थट्टा करून जाहिरात साधली. सर तो फोटो आठवडाभर सगळ्यांना दाखवत होते. मग एक दिवस म्हणाले, आपल्याकडं विमान न्हाय, पर डोंगर हाय. खूण बिण काही नको, वर्तुळात एक अक्षर काढायचं. कुठलं, ते सांगायची गरज नव्हती.

शेत माझ्या काकांचं. हातकणंगल्याच्या पुढं आमचं गाव आहे, गावामागं डोंगर, डोंगरावर देऊळ. आप्पाकाका म्हणजे दिवस मावळायच्या आत जेवणारा, मोजकं बोलणारा जैन शेतकरी. त्यांच्या मळ्यात डोंगराच्या पायथ्याला कडवळ होतं. कडवळ म्हणजे दाण्यासाठी नव्हे, जनावरांच्या हिरव्या चाऱ्यासाठी दाट पेरलेली ज्वारी. सर माझ्याबरोबर आले, बांधावर उकिडवे बसले आणि कागदावर ळ काढून दाखवला. काकांनी कागद उलटासुलटा करून बघितला आणि विचारलं, ह्यानं काय हुणार? सर म्हणाले, तुमचं कडवळ ह्या अक्षराबिगर लिहून दाखवा. काकांनी काडीनं मातीत लिहायला घेतलं, ‘कडव’ पर्यंत आले आणि थांबले... मग हसले. मी त्यांना असं हसताना कमी बघितलं आहे. अट एकच घातली, तुडवलेला चारा वाळला की म्हैस तोंड लावत नाही, तेव्हा आज तुडवलं की उद्या सकाळी कापायचं. तेवढी कबुली घेऊन त्यांनी अख्खा तुकडा दिला.

मार्च महिना होता. फटफटीत उजाडल्यावर सुरुवात केली, दुपारी जेवणाआधी संपलं. मधोमध खुंटी ठोकली, तिला दोरी, दोरी ताणून वर्तुळाची कड. फळीच्या दोन टोकांना दोरी बांधून ती गळ्यात अडकवायची, फळीवर पाय द्यायचा आणि एकेक पाऊल पुढं. कडवळ डोक्याच्या वर गेलेलं. आत शिरलेल्याला आपण अक्षराच्या कुठल्या वळणात आहोत ते कळत नसे, म्हणून एकजण डोंगरावर टॉवेल घेऊन उभा होता, डावीकडं सरका, उजवीकडं सरका. सरांनी आधीच आलेखाच्या कागदावर अक्षर उभं ताणून घेतलं होतं, कारण लांबून उतरत्या नजरेनं बघितलं की उंची दबते आणि अक्षर बसकं दिसतं. त्यांचा हिशेब बरोबर निघाला. आम्ही वर गेलो आणि बघत राहिलो. हिरव्या कडवळात दोन गरगरीत वाटोळी, मधून निघालेला दांडा, भोवती रेखीव कडं. एवढा मोठा ळ कुणी काढला नसेल. सर म्हणाले, “भावाला दाखवाय पायजे हुता.” आम्ही फोटो काढले, ते त्यांनी त्याच दिवशी इंटरनेटवर टाकले आणि खाली आमच्या तालमीच्या मेळाव्याचं निमंत्रण लिहिलं.

आम्ही शहाणे. आम्हाला वाटलं, अक्षर म्हटलं की लोक अक्षरच बघणार. दुसऱ्या दिवशी सकाळी देवळाला निघालेल्या बायकांनी डोंगरावरून बघितलं, त्यांना दिसले वेटोळं घालून बसलेले नाग आणि नागीण. काका विळा घेऊन मळ्यात पोचेपर्यंत तिथं दुधाचे तांबे, हळदीकुंकवाचे करंडे आणि नारळ आले होते. काकांनी सांगून बघितलं, हे आमच्या पोरीच्या मास्तरानं काढलंय. कुणी ऐकेना. गावच्या दूध संस्थेचे चेअरमन तात्या आडवे झाले, नागावर विळा चालवायचा व्हय आप्पा? तात्या म्हणजे गावात शब्दाला वजन असलेला माणूस, गुऱ्हाळाचा मालक, वाईट म्हणता येणार नाही असा. पण तिसऱ्या दिवशी त्यांनीच चौथरा बांधायची गोष्ट काढली. चौथरा झाला असता तर काकांच्या मळ्याचा पायथ्याचा तुकडा कायमचा गेला असता, आणि तोही माझ्यामुळे. मी आधीच संतापले होते. दूध-नारळ आले त्याच दिवशी दुपारी मी पत्रक लिहून कोल्हापुरात छापखान्यात टाकलं. सरांनी मला विचारलं होतं, काही छापत न्हाईस न्हवं? मी नाही म्हणाले. हे खोटं होतं.

तिसऱ्या दिवशी सर एकटे मळ्यात आले आणि त्या वर्तुळाच्या कडेला मांडी घालून बसले. मी बांधावर उभी होते. येईल त्याला ते नाव विचारत. लोक म्हणत, का वो पावणं, नाव कशाला? पण सांगत. सुंदरामावशी नावाची म्हातारी दूध घेऊन आली, आडनाव माळी. सरांनी काठीनं मातीत ‘माळी’ लिहिलं, दुसरं अक्षर बोटानं दाखवलं आणि डोंगराकडं हात केला. वरनं दिसतंय ते हे. तुमच्या नावातलं. मावशीला लिहिता-वाचता येत नव्हतं. ती बराच वेळ मातीकडं बघत राहिली. मग गवळी आले, शेवाळे आले, साळुंखे आले. प्रत्येकाला त्याच्या नावातला ळ. ज्याच्या नावात नव्हता त्याला केळ, डाळ, जावळ. शेवटी तात्या आले, हात मागं बांधून. सरांनी विचारलं, गुऱ्हाळात काय करता? तात्या म्हणाले, गूळ, दुसरं काय. सरांनी ‘गूळ’ लिहिलं. मग ळ पुसून त्या जागी ल काढला. “सरकारच्या कॉम्प्युटरात हे अक्षरच न्हाय. तुमचा गूळ तिथं गुल हुतोय बघा, तात्या.”

तात्या हसले आणि गर्दी हसली. अर्ध्या तासात चौथऱ्याची गोष्ट विरली. उद्या सकाळी कापा म्हणाले. वर सरांना म्हणाले, आमच्या संस्थेत कॉम्प्युटर आलाय, दुधाच्या चिठ्ठ्यांवर लोकांची नावं काय वाट्टेल ती येतात, ते नीट करून द्या. सरांनी शब्द दिला. इथं ही गोष्ट संपायला हवी होती. पण जाता जाता सुंदरामावशीनं मातीतल्या त्या ळ ला हळदकुंकू वाहिलं, आणि सर गप्प बसले. मी त्यांना तिथंच गाठलं. म्हटलं, तुम्ही शरण गेलात. नागाची पूजा बंद केलीत आणि अक्षराची चालू केलीत. ते म्हणाले, पोरगं शाळेत घालताना पाटीची पूजा करतात की, मावशीला कुणी पाटीम्होरं बसवलंच न्हाय, आज बसली. मला ते पटलं नाही. खरं सांगायचं तर आजही निम्मंच पटतं. पण तेव्हा मला माझं पत्रक वाया जाऊ द्यायचं नव्हतं, हे त्याहून खरं आहे.

चौथ्या दिवशी पहिल्या एस.टी.नं मी गठ्ठा घेऊन गावात आले आणि स्टँडवर, पाणवठ्यावर, दूध संस्थेच्या दारात वाटला. मथळा होता, ‘गवताला दूध पाजणारं अडाणी गाव’. मजकुरात चेअरमनांची अक्कल दुधाबरोबर डेअरीला गेली, असं एक वाक्य होतं. मला ते फार जमलेलं वाटलं होतं. खाली लिहिलं होतं ‘संगणक तालीम, कोल्हापूर’. माझं नाव नव्हतं. चळवळीत व्यक्तीचं नाव नसावं, असं आम्ही म्हणत असू. वाटताना मला ज्यांनी बघितलं त्यांनी मी सरांचा गठ्ठा वाटते आहे असंच धरलं.

तात्यांनी सरांना संस्थेत बोलावून घेतलं. खोलीत दहा-बारा माणसं होती, काका एका कोपऱ्यात मान खाली घालून. मी दारात. तात्यांच्या हातात ते पत्रक होतं. त्यांचा आवाज चढला नाही, तेच वाईट होतं. “काल तुम्ही माझ्याबरुबर हसलासा. आणि घरात बसून हे लिवलासा व्हय?” सरांनी ते पत्रक बहुतेक तेव्हाच पहिल्यांदा वाचलं. शेवटपर्यंत वाचलं. मग त्यांनी माझ्याकडं नाही, काकांकडं बघितलं. काकांना त्याच गावात राहायचं होतं, त्याच संस्थेत दूध घालायचं होतं. सर म्हणाले, “व्हय. मी लिवलं. चुकलं माझं. गावाची माफी मागतो.” आणि त्या खोलीतल्या सगळ्यांसमोर हात जोडले. मी तोंड उघडलं नाही. बुवांच्या मठासमोर उभी राहून ओरडणारी मी, त्या दारात नुसती उभी राहिले. तात्या म्हणाले, माफी मागितलासा, विषय संपला, पर चिठ्ठ्यांचा शब्द दिलाय तेवढा पुरा करा.

स्टँडपर्यंत आम्ही चालत गेलो. सर चिडले नव्हते, म्हणजे दिसत तरी नव्हते. एस.टी.त चढताना म्हणाले, “पत्रक झ्याक लिवलंयस. खाली नाव घालायचं तेवढं राहिलं बघ.” एवढंच. पुढं कधी त्यांनी तो विषय काढला नाही, मीही काढला नाही. सांगू, सांगू म्हणत तीन वर्षं गेली. त्यांचा क्लास चालू होता, माझी पत्रकं चालू होती, मी तिथंच बसून ती टाइप करत होते. दर शनिवारी ते आमच्या गावच्या दूध संस्थेत जायचे. आधी चिठ्ठ्या नीट केल्या, मग हिशेबाचं सगळं मराठीत आणलं, मग तिथल्या सेक्रेटरीला आत डोकावून दुरुस्ती करायला शिकवलं. पैसे घेत नसत. मी एकदाही बरोबर गेले नाही. कामं असायची... कामं काढायचे, असं म्हणायला हवं.

गेल्या शनिवारी मी गेले. काकांना आधी सांगितलं. काका चप्पल घालून माझ्याबरोबर निघाले. संस्थेच्या खोलीत सकाळचं दूध आटपलं होतं, कॉम्प्युटरवर कापड टाकलेलं, तात्या टेबलामागं, सेक्रेटरी वह्या आवरत. मी उभ्यानंच सांगितलं. ते पत्रक मी लिहिलं, मी छापलं, सरांना माहीतसुद्धा नव्हतं, त्यांनी ते काकांसाठी अंगावर घेतलं. मला वाटलं होतं तात्या ओरडतील. किंवा म्हणतील, आम्हाला ठाऊक होतं गं पोरी. तसं म्हणाले असते तर मला सुटल्यासारखं झालं असतं. त्यांना ठाऊक नव्हतं. ते माझ्याकडं बघत राहिले आणि त्यांनी विचारलं, “मग तवा का बोलली न्हाईस?”

मग तेच बोलले, माझ्याशी नाही, टेबलाशी बोलल्यासारखं. “तीन वर्सं त्यो दर शनिवारी ह्या खोलीत येत हुता. येणाऱ्या-जाणाऱ्याला च्या सांगतो मी. त्याला एकदा बी इचारला न्हाय. म्हटलं, आमाला अडाणी म्हणतोय न्हवं.” मग त्यांनी मान वर केली. “त्याला काय वाटलं आसंल गं? त्याला वाटलं आसंल, मी कांबळे म्हणून इचारत न्हाय.”

काका भिंतीकडं बघत होते, म्हणून मीही तिकडं बघितलं. कॉम्प्युटरच्या बाजूला, सर बसायचे त्या खुर्चीच्या वर, खिळ्याला प्लॅस्टिकची पाण्याची बाटली दोरीनं अडकवलेली होती. सेक्रेटरी म्हणाला, सरांची आहे, कोल्हापुरातून भरून आणायचे, शेवटच्या शनिवारी विसरून गेले. संस्थेच्या दारात नळ आहे, आत माठ आहे, माठावर पेला पालथा घातलेला. बाटली निम्मी भरलेली होती. ती काढावी की राहू द्यावी, हे आम्हा चौघांपैकी कुणाला सांगता येईना.